आविलाची संत तेरेजा : देवाशी मैत्री करण्यास शिकलेली स्त्री

रविवारची मिस्सा चुकत नाही, सायंकाळची जपमाळ चुकत नाही, उपवासकाळात क्रुसाची वाटही चुकत नाही. तरीही देव दूरच आहे असे वाटत राहते. अनेक भाविकांच्या मनातील ही व्यथा पापनिवेदनाच्या वेळी किंवा तपसाधनेच्या दिवसांत हळूच ओठांवर येते. आपली श्रद्धा खोटी नसते, आपले आचरणही ढोंगी नसते. पण ज्याच्यावर श्रद्धा ठेवली त्याच्याशी ओळख वाढवायची राहून गेलेली असते. अशा भाविकांनी जिचे चरित्र आवर्जून वाचावे अशी एक संत ख्रिस्तसभेला सोळाव्या शतकात लाभली. ती म्हणजे स्पेनमधील आविला नगरीची संत तेरेजा. १५ ऑक्टोबर रोजी आपण तिचा सण साजरा करतो. रोममधील एका चर्चमध्ये शिल्पकार बर्निनी याने घडवलेला तिचा संगमरवरी पुतळा जगप्रसिद्ध आहे. दिव्य प्रेमाने घायाळ होऊन भान हरपलेली तेरेजा त्यात दिसते. मात्र त्या क्षणापर्यंत पोहोचण्याआधी तिने जवळजवळ वीस वर्षे रडतखडत प्रार्थना केली होती, हे त्या पुतळ्याकडे पाहून कोणाला कळणार नाही.

बालपण आणि घराणे

तेरेजाचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी झाला. वडिलांचे नाव आलोन्सो सांचेस दे सेपेदा आणि आईचे बेआत्रिस दे आउमादा. बेआत्रिस ही आलोन्सो यांची दुसरी पत्नी. घरात एकूण बारा भावंडे होती. घराणे सधन व धार्मिक होते. परंतु त्या घराला एक झाकलेली जखमही होती. तेरेजाचे आजोबा तोलेदो नगरीतील यहुदी व्यापारी होते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पण गुप्तपणे यहुदी रिवाज पाळल्याबद्दल १४८५ मध्ये इन्क्विझिशनने म्हणजे धर्मन्यायालयाने त्यांना जाहीर प्रायश्चित्त करावयास लावले होते. त्यानंतर हे कुटुंब आविलाला येऊन स्थायिक झाले. कुलाची शुद्धता आणि मानमरातब यांचे अतोनात स्तोम असलेल्या त्या समाजात अशा घरात वाढलेल्या तेरेजाने पुढे आपल्या मठांत कुळाच्या मोठेपणाला अजिबात थारा दिला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

तेरेजा लहानपणापासून धाडसी होती. सात वर्षांची असताना ती आपला भाऊ रोद्रिगो याला घेऊन घरातून निघाली. मूर लोकांच्या देशात जायचे, तेथे ख्रिस्तासाठी डोके द्यायचे आणि थेट स्वर्गात पोहोचायचे, असा दोघांचा बेत होता. नगराबाहेर काकांनी त्यांना गाठले आणि हुतात्मे होण्यास निघालेली ही जोडी घरी परत आली. देवाला भेटण्याची घाई तेव्हाही तिला होती; वाट किती लांबची आहे हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

ती सुमारे तेरा वर्षांची असताना आई वारली. दुःखाने व्याकूळ झालेल्या त्या मुलीने पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे जाऊन आता तूच माझी आई हो अशी विनवणी केली. पुढे तारुण्यात वीरकथांच्या कादंबऱ्या, सुंदर कपडे, अत्तरे आणि गप्पागोष्टी यांत ती रमली. वडिलांनी तिला आगुस्तिनियन धर्मभगिनींच्या मठात शिक्षणासाठी ठेवले. तेथील एका सात्त्विक धर्मभगिनीच्या सहवासात तिच्या मनात संन्यस्त जीवनाचा विचार रुजला. वडिलांचा विरोध असतानाही २ नोव्हेंबर १५३५ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ती आविला येथील कार्मेल संघाच्या मठात दाखल झाली. वडिलांचे घर सोडताना आपली हाडे सुटी होत आहेत की काय असे तिला वाटले होते, असे तिने पुढे नमूद करून ठेवले आहे.

आजारपण आणि कबर

व्रतग्रहणानंतर थोड्याच दिवसांत तिची प्रकृती ढासळली. उपचारासाठी नेत असताना वाटेत तिच्या एका काकांनी तिला फ्रान्सिस्को दे ओसुना या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा प्रार्थनेवरील ग्रंथ दिला. मन आत वळवून, शांतपणे, अंतर्यामी वसणाऱ्या देवाच्या सान्निध्यात कसे राहावे, हे त्या ग्रंथातून ती प्रथम शिकली. शरीराचे मात्र हाल झाले. बेसेदास या गावच्या एका वैदूबाईच्या जहाल औषधांनी ती अधिकच खंगली. ऑगस्ट १५३९ मध्ये ती बेशुद्ध पडली आणि जवळजवळ चार दिवस तशीच होती. मठात तिच्यासाठी कबर खणून तयार होती. वडिलांनी मात्र ती मेली आहे हे मानण्यास नकार दिला. ती शुद्धीवर आली, पण जवळजवळ तीन वर्षे तिला अंग हलवणे कठीण होते. हातापायांवर रांगता येऊ लागले तेव्हा तिने देवाचे आभार मानले. आपण बऱ्या झालो ते संत योसेफाच्या मध्यस्थीने, असा तिचा दृढ विश्वास होता. संत योसेफाची भक्ती ख्रिस्तसभेत वाढीस लागण्यात तिचा मोठा वाटा आहे.

प्रार्थना सोडून दिली

येथून पुढची कहाणी आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. बरी झालेली तेरेजा मठातील सर्वांची लाडकी झाली. त्या मठात सुमारे १८० स्त्रिया राहत असत. श्रीमंत घरच्या भगिनींना स्वतंत्र दालने होती, भेटीला येणाऱ्यांची दिवाणखान्यात वर्दळ असे, आणि बोलण्यात चतुर व स्वभावाने लाघवी असलेल्या तेरेजाला सर्वत्र मागणी होती. त्यात मोठे पाप असे काही नव्हते. पण मन वाटले गेले. दिवसभर लोकांच्या कौतुकात रमल्यावर देवासमोर एकट्याने बसणे तिला अवघड वाटू लागले. अखेर तिने वैयक्तिक प्रार्थनाच सोडून दिली. समूहाबरोबरच्या मौखिक प्रार्थना चालू राहिल्या. आपल्यासारख्या अयोग्य व्यक्तीने देवाशी जवळीक साधणे हा उद्धटपणा आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ही नम्रता नसून सैतानाने नम्रतेचे सोंग घेऊन लावलेला सापळा होता, हे तिला पुढे उमगले.

याच काळातील एक प्रसंग मनाला चटका लावणारा आहे. तेरेजाने आपल्या वडिलांना मनन-प्रार्थनेची गोडी लावली होती आणि ते त्यात वेगाने पुढे गेले होते. मुलीशी आध्यात्मिक गोष्टी बोलण्यासाठी ते मठात येत. आपण स्वतः मात्र ती प्रार्थना सोडली आहे, हे तिला त्यांच्यापासून लपवून ठेवणे जड जाऊ लागले. तिने सत्य सांगितले, पण कारण म्हणून आजारपण पुढे केले. भोळ्या बापाने ते खरे मानले आणि तिची कीव केली. आजारी माणसालाही प्रेम करता येते आणि प्रार्थनेला शरीराचे बळ लागत नाही, हे तिला आतून ठाऊक होते. म्हणूनच वडिलांचा तो विश्वास तिला बोचत राहिला.

डिसेंबर १५४३ मध्ये वडील वारले. त्यांचे पापनिवेदन ऐकणारे डॉमिनिकन धर्मगुरू व्हिसेन्ते बारोन यांच्यापाशी तेरेजाने आपले मन मोकळे केले. त्यांनी तिला दर पंधरा दिवसांनी ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यास आणि काहीही झाले तरी प्रार्थना पुन्हा सुरू करण्यास सांगितले. तिने ती सुरू केली आणि मग मरेपर्यंत सोडली नाही.

कोरडी वर्षे

प्रार्थना सुरू झाली म्हणून गोडी आली असे मात्र घडले नाही. प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच तिचे लक्ष असे. घड्याळाचे टोले पडण्याची ती वाट पाही. प्रार्थनागृहाच्या दारापर्यंत जाणेही कित्येकदा नकोसे होई आणि कोणतेही कठोर प्रायश्चित्त त्यापेक्षा सोपे वाटे. मन भटकत असे, विचार आवरत नसत. हाती पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे तिला धाडस होत नसे. एकीकडे देव बोलावत होता, दुसरीकडे जग ओढत होते. ना देवात समाधान, ना जगात. अशी सुमारे अठरा वर्षे गेली.

बंधुभगिनींनो, जिला पुढे ख्रिस्तसभेने प्रार्थनेची गुरू मानले, तिची ही अवस्था होती. तिचे मोठेपण एवढेच की कोरडेपणात, कंटाळ्यात, पराभवातही ती रोज त्या ठिकाणी जाऊन बसत राहिली.

१५५४ च्या उपवासकाळात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो दिवस उजाडला. मठातील एका सणासाठी आणून ठेवलेली, फटक्यांनी रक्तबंबाळ झालेल्या प्रभू येशूची मूर्ती तिच्या दृष्टीस पडली. या जखमांचे आपण किती थोडे उपकार मानले, या विचाराने तिचे काळीज फाटले. ती मूर्तीपुढे कोसळली, ढसाढसा रडली, आणि बळ मिळाल्याशिवाय येथून उठणार नाही असे तिने प्रभूला सांगितले. या वेळी तिचा स्वतःवरचा भरवसा पूर्णपणे संपला होता आणि सारा भार तिने देवावर टाकला होता. त्याच सुमारास संत आगुस्तीन यांचे आत्मनिवेदन तिच्या हाती आले. बागेत त्यांना ऐकू आलेल्या हाकेचा प्रसंग वाचताना ती हाक आपल्यालाच आली आहे असे तिला वाटले. येथून तिचे नवे जीवन सुरू झाले.

बागेला पाणी घालण्याच्या चार रीती

या अनुभवातून तेरेजाने प्रार्थनेची जी शिकवण दिली ती कोणाही शेतकऱ्याला समजावी इतकी सोपी आहे. प्रार्थना म्हणजे आपल्यावर प्रेम करणाऱ्या मित्राशी एकांतात वारंवार केलेला जिव्हाळ्याचा संवाद, असे तिचे म्हणणे होते. तिथे खूप विचार करणे महत्त्वाचे नसून खूप प्रेम करणे महत्त्वाचे असते.

आत्मा ही एक बाग आहे. जमीन ओसाड, तणाने भरलेली. पण तण उपटून रोपे लावण्याचे काम प्रभू स्वतः करतो. आपले काम पाणी घालण्याचे. त्याच्या चार रीती ती सांगते. पहिली, विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदण्याची. यात हात भरून येतात आणि पाणी थोडे मिळते. प्रार्थनेला नव्याने लागलेल्या माणसाची ही स्थिती असते. दुसरी, रहाटाने पाणी काढण्याची. यात श्रम कमी आणि पाणी जास्त. मन थोडे शांत होऊ लागते. तिसरी, नदीचे किंवा ओढ्याचे पाणी पाटाने बागेत वळवण्याची. येथे माळ्याला फक्त पाण्याला वाट करून द्यावी लागते. चौथी, पावसाची. येथे माळ्याचे काही चालत नाही. देवच भरभरून बरसतो.

यातील दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पाऊस आपल्या हाती नाही. पोहरा मात्र आपल्या हाती आहे. आणि विहीर आटली तरी माळ्याने निराश होऊ नये. तो इमानाने विहिरीवर येत राहिला तर बागेचा धनी पाण्यावाचूनही फुले जगवतो. कोरड्या वर्षांत तेरेजा याच भरवशावर तगली होती.

छळ, संशय आणि नवे मठ

तिला आलेल्या दर्शनांमुळे आविलामध्ये कुजबुज सुरू झाली. ज्यांचा सल्ला तिने घेतला त्यांतील काहींनी हे सैतानाचे काम असल्याचे सांगितले. ती घाबरली, पण लपवाछपवी केली नाही. येशूसंघीय धर्मगुरूंनी तिला धीर दिला. संत फ्रान्सिस बोर्जिया आणि आल्कान्ताराचे संत पीटर यांनी तिचा अनुभव देवाकडूनच असल्याची ग्वाही दिली. १५५९ मध्ये धर्मन्यायालयाने लोकभाषेतील अनेक धार्मिक पुस्तकांवर बंदी घातली. लॅटिन न येणाऱ्या तेरेजाची आवडती पुस्तके गेली. तेव्हा आपणच तिच्यासाठी जिवंत पुस्तक होऊ, असे आश्वासन प्रभूने दिल्याचे तिला अंतर्यामी जाणवले.

देवाशी वाढलेली जवळीक तिला स्वस्थ बसू देईना. २४ ऑगस्ट १५६२ रोजी तिने आविला येथे संत योसेफाच्या नावाने छोटासा मठ स्थापन केला. मोजक्याच भगिनी, ठरलेले उत्पन्न नाही, कुळाचा मान नाही, एकांत आणि प्रार्थना हेच धन. नगरात गदारोळ झाला. नगरसभेने मठ बंद करण्यासाठी दावा लावला. तेरेजा शांत राहिली आणि मठ टिकला. पुढील वीस वर्षांत, १५८२ पर्यंत, तिच्या सुधारणेचे १७ मठ उभे राहिले. त्यांपैकी बहुतेकांसाठी ती स्वतः झाकलेल्या गाड्यांतून, चिखलातून, उन्हातून आणि पुरातून प्रवास करीत गेली. तेव्हा तिची पन्नाशी उलटलेली होती आणि प्रकृती सदैव नाजूक होती.

१५६७ मध्ये मेदिना देल काम्पो येथे तिला पंचवीस वर्षांचा एक तरुण कार्मेल धर्मगुरू भेटला. अधिक एकांतासाठी तो दुसऱ्या संघात जाण्याच्या विचारात होता. तिने त्याला थांबवले. तोच क्रुसाचा संत जॉन. १५६८ मध्ये दुरुएलो येथील एका पडक्या घरात पुरुषांसाठीच्या सुधारित कार्मेल संघाचा आरंभ झाला. या सुधारणेला संघातूनच प्रखर विरोध झाला. डिसेंबर १५७७ मध्ये जॉन यांना पकडून तोलेदो येथे कोंडण्यात आले. ऑगस्ट १५७८ मध्ये ते तेथून निसटले. तेरेजाचे आत्मचरित्र धर्मन्यायालयाकडे गेले आणि तिच्या हयातीत तेथेच राहिले. सेव्हिल येथे तिच्याविरुद्ध तक्रारही झाली, पण दोष सिद्ध झाला नाही. आजोबांना जे न्यायालय लज्जित करून गेले, त्याच्याच छायेत नातीने आपली श्रद्धा जपली. ख्रिस्तसभेवर ती रुसली नाही की तिला सोडून गेली नाही. १५८० मध्ये सुधारित कार्मेलला स्वतंत्र प्रांत म्हणून मान्यता मिळाली.

अंतरीचा किल्ला

याच वादळात, २ जून ते २९ नोव्हेंबर १५७७ या काळात, आज्ञेखातर आणि डोकेदुखीने बेजार असताना तिने आपला सर्वश्रेष्ठ ग्रंथ लिहिला. त्यात आत्म्याला तिने स्फटिकाच्या किल्ल्याची उपमा दिली आहे. किल्ल्यात सात दालनांचे टप्पे आहेत आणि सर्वांत आतील दालनात राजा वास करतो. प्रार्थना हे त्याचे प्रवेशद्वार. दुःख याचे की पुष्कळ माणसे आयुष्यभर किल्ल्याच्या तटाबाहेरच फिरत राहतात. आत कोण राहतो याची त्यांना कल्पनाही नसते.

पण सातव्या दालनात पोहोचलेल्या माणसाने डोळे मिटून बसावे असे तेरेजा सांगत नाही. देवाशी झालेल्या मीलनातून सत्कृत्ये जन्माला आली पाहिजेत, मार्था आणि मरिया यांनी मिळून प्रभूचा पाहुणचार केला पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. आपण देवावर किती प्रेम करतो हे कळणे अवघड. शेजाऱ्यावर किती करतो हे मात्र लगेच कळते. स्वयंपाकघरात काम पडले तर तेथील भांड्यांमध्येही प्रभू वावरत असतो, असे ती आपल्या भगिनींना सांगे.

तिच्या ओळखीची एक वृद्ध धर्मभगिनी होती. तिला मनन जमत नसे. ती फक्त मौखिक प्रार्थना म्हणे आणि त्यामुळे खंतावलेली असे. तेरेजाने चौकशी केली तेव्हा कळले की आमच्या बापा ही प्रार्थना सावकाश, मनापासून म्हणत ती भगिनी देवाशी अत्यंत खोल ऐक्यापर्यंत पोहोचली होती. घरकामात, शेतात, लोकलच्या गर्दीत जपमाळ ओढणाऱ्या आपल्या आयाबहिणींना यापेक्षा मोठा दिलासा कोणता? कोणाशी बोलतो आहोत याचे भान ठेवून म्हटलेली साधी प्रार्थनाही राजाच्या दालनापर्यंत नेते.

देहावसान आणि वारसा

सप्टेंबर १५८२ मध्ये आजारी अवस्थेतच ती आल्बा दे तोर्मेस येथे पोहोचली. ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री तिने देह ठेवला. शेवटच्या घटकेला आपण ख्रिस्तसभेची कन्या म्हणून मरत आहोत याबद्दल ती देवाचे आभार मानत होती. त्याच रात्री पंचांग सुधारणा अमलात आली आणि दुसरा दिवस १५ ऑक्टोबर म्हणून गणला गेला. म्हणून तिचा सण त्या तारखेला येतो.

१२ मार्च १६२२ रोजी पोप ग्रेगरी पंधरावे यांनी तिला संतपद बहाल केले. त्याच सोहळ्यात, ज्यांचे पवित्र अवशेष गोव्यात आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर हेही संत म्हणून घोषित झाले. तोवर तिच्या सुधारित कार्मेलचे धर्मगुरू गोव्यात पोहोचलेही होते. गोव्याच्या त्या मठातील डेनिस आणि रिडेम्प्टस हे १६३८ मध्ये सुमात्रा बेटावर हुतात्मे झाले. २७ सप्टेंबर १९७० रोजी पोप पॉल सहावे यांनी तेरेजाला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. १९२१ च्या उन्हाळ्यात एडिथ श्टाइन या यहुदी तत्त्वचिंतक स्त्रीने तेरेजाचे आत्मचरित्र वाचले आणि तिला सत्य गवसले. १ जानेवारी १९२२ रोजी तिने बाप्तिस्मा घेतला, पुढे ती कार्मेलमध्ये दाखल झाली आणि १९४२ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत मारली गेली. आज आपण तिला संत म्हणून वंदन करतो.

प्रिय भाविकहो, तेरेजाच्या वाट्याला आलेली दर्शने आपल्या वाट्याला येतीलच असे नाही, आणि त्यांची आस धरू नये असेच ती सांगते. पण तिने टाकलेले पहिले पाऊल आपल्यापैकी प्रत्येकाला टाकता येईल. दिवसातील पंधरा मिनिटे, एक ठरलेली जागा, शुभवर्तमानातील एखादा उतारा आणि समोर प्रभू येशू. मन भटकेल, त्याला हळुवार परत आणावे. काही दिवस काहीच जाणवणार नाही. तरी उठून जाऊ नये. प्रार्थना मध्येच सुटली असेल, वर्षांमागून वर्षे गेली असतील, आता कोणत्या तोंडाने देवासमोर जायचे असे वाटत असेल, तर तेरेजाची सारी कहाणी त्याच माणसासाठी आहे. मित्र अजून वाट पाहत आहे. पोहरा उचलावा आणि विहिरीकडे निघावे.

आविलाच्या संत तेरेजे, आम्हासाठी विनंती कर.